क्रोमॅटिन सैल झाल्याशिवाय डीएनए दुरुस्त होतच नाही का?

तुमचे प्रश्न दोन आहेत: दुरुस्तीआधी क्रोमॅटिन (हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला डीएनए) सैल व्हावंच लागतं का, आणि गॅमा-एचटूएएक्सचे (तुटीजवळ फॉस्फेट लागलेल्या एचटूएएक्स हिस्टोनचे) सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ठिपके मोजले की दुरुस्ती मोजली असं म्हणता येतं का?

सैल व्हावं लागतं, पण ती अर्धीच गोष्ट. क्रोमॅटिनच्या एका मण्यात, म्हणजे न्यूक्लिओसोममध्ये, सुमारे १४७ बेस-जोड्या आठ हिस्टोनांच्या गाभ्याला जेमतेम १.६५ वेढे घालून बसलेल्या असतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एटीएम एन्झाइम काही मिनिटांत एचटूएएक्स हिस्टोनच्या १३९व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट लावतं. ही खूण, म्हणजेच गॅमा-एचटूएएक्स, तुटलेल्या टोकापुरती न राहता आजूबाजूला लाखो बेस-जोड्या पसरते. आयएनओ८०सारखी प्रथिन-यंत्रं मग एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून न्यूक्लिओसोम सरकवतात किंवा काढून टाकतात.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढे. जुन्या एच४ हिस्टोनच्या २०व्या लायसीनवर बहुधा दोन मिथाइल गट असतात. ते आणि एच२ए हिस्टोनवरचं युबिक्विटिन हे छोटं प्रथिन, दोन्ही खुणा पकडून ५३बीपी१ हे प्रथिन बसतं, टोकं कुरतडू देत नाही आणि पेशी ती थेट जोडते. नुकतीच प्रत निघालेल्या डीएनएवर नवे एच४ असतात, त्यांच्यावर हे मिथाइल अजून लागलेले नसतात. तिथे बीआरसीए१ आणि बीएआरडी१ या प्रथिनांची जोडी बसते. नक्कल करून तूट भरायला शेजारी तंतोतंत प्रत असते तीही नेमकी तिथेच! म्हणजे कोणत्या वाटेने दुरुस्ती करायची, यातही क्रोमॅटिनचा हात असतो. काम झालं की सीएएफ-१ वगैरे प्रथिनं हिस्टोन पुन्हा बसवतात.

आता ठिपके. ते खुणेचे आहेत, तुटीचे नाहीत. १ ग्रे (किरणमात्रेचं एकक) किरण दिल्यानंतर साधारण अर्ध्या तासात ते सर्वाधिक दिसतात. प्रत काढताना अडखळलेल्या पेशींतही येतात, म्हणून पेशी चक्राच्या कोणत्या टप्प्यात आहे हे सोबत तपासा आणि ५३बीपी१चं रंजन जोडीने करा. अख्खं केंद्रक एकसारखं चमकत असेल तर ती पेशी बहुधा मरणाच्या वाटेवर आहे, मोजणीत धरू नका. किरण न दिलेला नमुना हवाच.

फक्त अर्ध्या तासावर थांबू नका, २४ तासांचाही नमुना घ्या. हेटरोक्रोमॅटिनमधल्या, म्हणजे घट्ट गुंडाळलेल्या क्रोमॅटिनमधल्या, तुटी सावकाश भरतात. त्यासाठी एटीएमने हेटरोक्रोमॅटिन घट्ट ठेवणाऱ्या केएपी१ प्रथिनाच्या ८२४व्या सेरीनवर फॉस्फेट लावावं लागतं. एटीएम रोखलेल्या पेशींत हेच ठिपके मागे रेंगाळतात, आणि सुरुवातीच्या मोजणीत तो फरक दिसत नाही.