ताबा कोणत्या तारखेचा?

पुण्यातल्या बाणेरहून आलेलं पत्र थोडक्यात असं. डिसेंबर 2025 मध्ये साडेचार वर्षं जुना फ्लॅट रिसेलमध्ये घेतला. तीन स्प्लिट एसी बिल्डरनेच बसवून दिलेले, पाइप सगळे भिंतीतून नेलेले. मार्चमध्ये एसी लावला तर बेडरूम गार होईना. दोनदा गॅस भरला, दोन्ही वेळा महिन्याभरात उडाला, आणि आता त्याच भिंतीला ओल आली आहे. सकाळी सोलरचं पाणीही कोमटच येतं. बिल्डरचा माणूस सांगतो, "तुम्ही आमचे कस्टमर नाही, आणि एसीची वॉरंटी संपली." ज्यांनी फ्लॅट विकला ते फोन उचलत नाहीत. त्यांच्यावर केस करता येईल का?

दर उन्हाळ्यात अशी पत्रं येतात. कुणाचा एसी, कुणाचा गीझर, कुणाच्या बाथरूमची गरम पाण्याची लाइन. "डिसेंबरात कोण एसी लावून बघतं?" असं तुम्ही विचारलंय. मंडईत कलिंगड घेताना टिचकी मारून बघतो आपण. हा तर 92 लाखांचा व्यवहार होता. असो.

तुमच्या चार पानी पत्रात मला हवी असलेली तारीखच नाही. ती जोडलेल्या कागदांत, सगळ्यात शेवटी सापडली. पहिल्या मालकाचं पझेशन लेटर 14 जुलै 2021 चं आहे. म्हणजे 13 जुलै 2026 ला पाच वर्षं भरतात, आणि मी हे लिहितेय तेव्हा जूनचा पहिला आठवडा चालू आहे. केस कुणावर, कुठे, किती नुकसानभरपाई, हे सगळे नंतरचे प्रश्न; आधी ही तारीख.

रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याचं कलम 14, उपकलम 3 सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवांमधला दोष प्रमोटरच्या, म्हणजे बिल्डरच्या, लक्षात आणून दिला, तर त्याने तो 30 दिवसांत, एक पैसाही न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाई. पाच वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे असं कलम म्हणत नाही, दोष लक्षात आणून दिलेला असला पाहिजे असं म्हणतं. तुमच्याकडे उरलेले पाच-सहा आठवडे एका पत्राला भरपूर आहेत. पण ते पत्र अजून गेलेलं नाही.

"तुम्ही आमचे कस्टमर नाही" यावर वेळ घालवू नका. कायद्यातली अलॉटीची, म्हणजे फ्लॅट ज्याला मिळाला त्याची, व्याख्या नंतर खरेदीने फ्लॅट घेणाऱ्यालाही धरते. वगळलाय तो भाडेकरू. मात्र तुमच्या खरेदीखतापासून पाच वर्षं नव्याने मोजता येतील असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका. पहिल्या ताब्यापासूनच मोजा. पहिल्या मालकांनी फर्निचरसाठी आधी चावी घेतली असेल तर बिल्डर तीही तारीख पुढे करेल. म्हणून 13 जुलैची वाट न बघता याच आठवड्यात पत्र पाठवा.

आता तुम्ही काय केलंत? साइटवरच्या सुपरवायझरला तीन महिन्यांत अकरा व्हॉट्सॲप. त्याने चार वेळा अंगठा दाखवला आणि एकदा "बघतो सर" लिहिलं. तो उद्या नोकरी सोडून गेला की बिल्डर म्हणणार, आम्हाला कुणी काही कळवलंच नाही. ते मेसेज अगदीच फुकट नाहीत, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र जोडून दाखल करता येतात. पण सरळ पत्र पाठवता येत असताना त्या भानगडीत कशाला पडायचं? मूळ करारनाम्याच्या शेवटच्या पानांत 'नोटीस' असं एक कलम असतं, त्यात प्रमोटरचा पत्ता आणि ई-मेल दिलेला असतो. त्याच पत्त्यावर आणि त्याच ई-मेलवर पाठवा. करारात "रजिस्टर्ड पोस्ट एडी" लिहिलेलं असेल. ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. काउंटरवर स्पीड पोस्टसोबत रजिस्ट्रेशन आणि पोचपावती दोन्ही मागून घ्या.

पत्रात "एसी थंड करत नाही" असं लिहू नका. ती मशीनची तक्रार झाली, आणि बिल्डर तुम्हाला एसीच्या कंपनीकडे पाठवून मोकळा होईल. तुमची तक्रार त्याने भिंतीत गाडलेल्या कामाची आहे. कॉपर लाइन (गॅस नेणारा तांब्याचा पाइप) गळते, ड्रेन पाइपला उतार नाही म्हणून पाणी भिंतीत मुरतं, असं लिहा. अर्थात हे आधी तपासून घ्या. मेकॅनिकला इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही युनिट सोडवायला सांगा, लाइनमध्ये नायट्रोजन भरून गेज लावून ठेवायला सांगा. 24 तासांत काटा उतरला तर गळती पाइपात आहे, मशीनमध्ये नाही. काट्याचा फोटो आधीचा आणि नंतरचा, तारीख-वेळ दिसेल असा. इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर पडतं का, याचाही व्हिडिओ काढा. एप्रिलमध्ये आलेल्या कंपनीच्या माणसाने जॉबशीटवर "कन्सील्ड पाइपिंग लीकेज, सिव्हिल वर्क कस्टमर स्कोप" (गळती भिंतीतल्या पाइपात, फोडकाम ग्राहकाने करायचं) असं खरडलंय म्हणता. ती चिठ्ठी "कुठेतरी ड्रॉवरमध्ये" आहे म्हणे. शोधा. या अख्ख्या प्रकरणात तुमच्या बाजूचा, तुम्ही न लिहिलेला कागद तेवढा एकच आहे.

आणि भिंत फोडू नका. मेकॅनिक "दोन फूट फोडतो, नवीन लाइन टाकतो" म्हणतोय, त्याला थांबवा. बिल्डरांच्या बऱ्याच करारांत अशी अट असते की प्रमोटरच्या लेखी संमतीशिवाय फिटिंग, पाइप वगैरेंत बदल केले तर दोष-दायित्व, म्हणजे दोष दुरुस्त करून द्यायची त्याची जबाबदारी, आपोआप संपतं. दुरुस्ती म्हणजे बदल का, यावर वाद घालता येतो, पण तो वाद ओढवून घ्यायचा कशाला? पत्रातच संयुक्त पाहणीसाठी तारीख द्या. 30 दिवस कुणी फिरकलं नाही तर सोसायटीच्या सेक्रेटरींना उभं करा, व्हिडिओ काढा, दुसऱ्या पत्राने बिल्डरला कळवा, मग फोडा आणि बिलं जपा.

करारात आणखी दोन अटी बहुधा निघतील. एक, मेंटेनन्स कॉन्ट्रॅक्ट चालू ठेवलं नसेल तर वॉरंटी संपलेल्या वस्तूंची जबाबदारी बिल्डरची नाही. दुसरी, दोष ठरवायला तज्ज्ञ सर्व्हेयर नेमायचा. पहिली मशीनबद्दल तुम्हाला भोवू शकते, भिंतीतल्या पाइपाबद्दल भोवू नये असं मला वाटतं. दुसरीबद्दल तुमचा संपूर्ण करार पाहिल्याशिवाय बोलणार नाही. तुम्ही त्याची पाच पानंच पाठवली आहेत.

विकणाऱ्यांवर केस? मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष त्याने सांगायला हवा. त्यांना माहीत होतं हे तुम्ही सिद्ध करायचं, आणि "साधारण काळजी" म्हटल्यावर समोरचा वकील विचारणार, रिमोट दाबून बघितलात का? शिवाय तुमच्या खरेदीखतात "जसे आहे तसे" आहे. दिवाणी कोर्टात याचा निकाल लागेपर्यंत एसीचं आयुष्य संपलेलं असेल. उलट त्यांच्याशी गोड बोला. 2022 किंवा 2023 मध्ये त्यांनी बिल्डरला याच पाइपाबद्दल एखादा ई-मेल केला असेल, तर दोष मुदतीत कळवल्याचा तो तुमच्या पत्राइतकाच, कदाचित त्याहून भक्कम पुरावा. तुम्ही त्यांना आरोपी धरून बसलात, मला ते साक्षीदार दिसतात. फोन उचलत नसतील तर दोन ओळींचा मेसेज करा की तुमच्याविरुद्ध काही करायचं नाही, फक्त जुना पत्रव्यवहार हवा आहे.

तीस दिवसांनी महारेराकडे (महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार, फी 5,000 रुपये. कायदा म्हणतो 60 दिवसांत निकाल; माझ्या अनुभवात पहिली तारीख पडायलाच कधी कधी वर्ष उलटतं. मध्ये सलोखा मंच आहे. बिल्डर तयार झाला तर घ्या, त्याचं नाव अजून बाजारात असेल तर तो होतोही. ग्राहक आयोगाचा रस्ता बंद नाही, पण तिथे दोन वर्षांची मुदत आणि मोबदल्याच्या रकमेवरून कुठला आयोग हा हिशोब असतो. तुमच्या बाबतीत मी तिकडे आधी जाणार नाही.

सोलर सामाईक आहे, ते पत्र सोसायटीने द्यायचं. पण बाकीच्या फ्लॅटचे ताबेही त्याच महिन्यातले असतील, तेव्हा सेक्रेटरींना रविवारच्या मीटिंगपर्यंत थांबू देऊ नका.

मला उत्तर लिहिताना करार पूर्ण पाठवा, आणि पोस्टाच्या पावतीचा फोटोही.