कोरियातल्या सुरुवातीच्या आधुनिक वास्तुकलेवर पाश्चात्त्य आधुनिकतावादाचा (सजावट टाळून साधे आकार, काँक्रीट, काच आणि पोलाद वापरणाऱ्या शैलीचा) प्रभाव कसा पडला?

हा प्रभाव दोन टप्प्यांत आला. पहिला जपानमार्फत. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता, त्यामुळे युरोपातले नवे विचार तिथल्या वास्तुविशारदांपर्यंत मुख्यतः जपानी शिक्षणातून आणि सरकारी नोकरीतून पोहोचले. पाक किल-र्योंग यांनी सोलमध्ये उभारलेलं ह्वाशिन डिपार्टमेंट स्टोअर (१९३७) त्याच काळातलं.

खरी थेट गाठ पडली ती कोरियन युद्धाच्या सुमारास. वास्तुविशारद किम जुंग-अप १९५२ मध्ये व्हेनिसच्या कलावंत परिषदेला गेले, तिथे आधुनिक वास्तुकलेचे एक प्रवर्तक ल कॉर्बुझिए यांना भेटले आणि पुढची तीनेक वर्षं त्यांच्या पॅरिसच्या कार्यालयात राहिले. तिथे त्यांनी ल कॉर्बुझिए यांच्या चंदीगड शहराच्या प्रकल्पावरही काम केलं. भारतीय वाचकांना हा धागा फारसा ठाऊक नसतो. मायदेशी परतल्यावर त्यांनी सोलमधला फ्रेंच दूतावास उभारला (१९६२). माझ्या मते या विषयातली सर्वांत महत्त्वाची इमारत हीच. उघडं काँक्रीट गुरूकडून आलेलं, पण छपराचे वर झेपावणारे कोपरे जुन्या कोरियन घरांचे. अनुकरण कुठे संपतं आणि स्वतःचं काम कुठे सुरू होतं, ते इथे डोळ्यांना दिसतं.

किम जुंग-अप यांचीच १९७० च्या सुमाराची सामिल इमारत मात्र काच आणि पोलादाची, सरळ काच-पोलादाच्या इमारतींसाठी गाजलेले वास्तुविशारद मिस व्हॅन डर रोहे यांच्या वळणाची. दुसरे वास्तुविशारद किम सू-गन टोकियोत शिकले. त्यांचं सोलमधलं फ्रीडम सेंटरही ल कॉर्बुझिए यांच्या उघड्या काँक्रीटच्या परंपरेतलं. पुढे आपल्या ‘स्पेस’ या कार्यालयाच्या इमारतीत ते विटांकडे आणि माणसाच्या मापाच्या छोट्या खोल्यांकडे वळले.