स्वप्नात जागं राहण्याचा सराव: मनाला धोका किती?

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन महिने ल्युसिड ड्रीमचा, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखण्याचा सराव करतोय. रात्री साडेबाराला झोपतो, साडेतीनचा गजर लावतो, पाऊण तास जागा राहून पुन्हा झोपतो आणि साडेसहाला उठतो. दिवसभरात वीसेक वेळा नाक दाबून ‘मी जागा आहे ना?’ हे तपासतो. तीनदा जमलं. पण हल्ली वर्गात बसलं की सगळं काचेपलीकडे चाललंय असं वाटतं. यानं डोकं बिघडेल का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर: सराव आजच थांबवा. तुमचं डोकं बिघडलेलं नाही, पण ‘काचेपलीकडे’ वाटणं ही खूण हलक्यात घेऊ नका.

असं स्वप्न पडणं हा आजार नाही. जगात निम्म्याहून अधिक लोकांना आयुष्यात एकदा तरी ते पडतं. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसानं ‘हे स्वप्न आहे’ हे कळल्याची खूण म्हणून ठरवून केलेल्या डोळ्यांच्या हालचाली यंत्रावर टिपल्या. तेव्हा मेंदूचा आलेख झोपेचाच होता. म्हणजे माणूस अर्धवट जागा नव्हता, खरोखर झोपेत होता.

त्रास होतो तो स्वप्न ओढून आणण्याच्या खटाटोपानं. २०१८ मध्ये इस्राएलमधल्या संशोधकांना विद्यार्थ्यांच्या पाहणीत हेच दिसलं: अशी स्वप्नं वारंवार पडण्याचा मानसिक त्रासाशी संबंध नव्हता, मात्र ती मुद्दाम आणण्याचं तंत्र वापरणाऱ्यांमध्ये स्वतःपासून तुटल्यासारखं वाटण्याची लक्षणं दोन महिन्यांत वाढलेली होती. एवढ्यानं तंत्रच कारण ठरत नाही, पण तुमची तक्रार नेमकी तीच आहे.

आता तुमच्या वेळेचा हिशेब करू. साडेबारा ते साडेतीन तीन तास, सव्वाचार ते साडेसहा सव्वादोन. पडल्या पडल्या झोप लागली तरी सव्वापाच तासच होतात. शिवाय गजर चुकीच्या ठिकाणी आहे. झोपेची फेरी साधारण दीड तासाची असते. पहिल्या दोन फेऱ्यांत गाढ झोप जास्त आणि स्वप्नांचा टप्पा छोटा असतो. तो पहाटेकडे लांबत जातो. साडेतीनला उठून तुम्ही झोप मोडता आणि स्वप्नांचा चांगला भाग अजून यायचाच असतो.

नाक दाबण्याचंही तसंच. स्वप्नात नाक दाबलं तरी श्वास चालू राहतो, म्हणून ही खूण उपयोगी आहे. पण मुळात काळजीखोर माणूस दिवसातून वीस वेळा ‘हे खरं आहे ना?’ विचारू लागला की कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहण्यासारखी सवय लागते. अपुऱ्या झोपेनं आधीच सगळं धूसर वाटत असतं, त्यात ही शंका रुजते.

किमान महिनाभर रोज सात ते आठ तास सलग झोपा, तपासणी पूर्ण बंद ठेवा. दोन-तीन आठवड्यांत काच विरळ झाली नाही, आवाज ऐकू येऊ लागले किंवा जाग आणि स्वप्न यांची गल्लत होऊ लागली, तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

पुढे करायचंच असेल तर आठवड्यातून एकच रात्र, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. अकराला झोपा आणि गजर साडेचार-पाचचा लावा. उठल्यावर मोबाइलला हात लावू नका. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा आणि त्यातली विसंगत गोष्ट शोधा: समजा, शाळेच्या बाकावर आजोबा बसले होते. तोच प्रसंग डोळ्यांसमोर आणून ‘इथे मला कळलं की हे स्वप्न आहे’ असं मनात पाहा. ‘पुढच्या स्वप्नात मी ओळखेन’ एवढं म्हणत झोपा. दहा मिनिटांत आवरा. त्यानंतर लवकर झोप लागणाऱ्यांना जास्त यश येतं, असं दिसलं आहे. सकाळी साडेआठपर्यंत झोपलात तर झोपेचा तोटा होत नाही.

ज्यांना किंवा ज्यांच्या जवळच्या नात्यात सायकोसिस (खरं-खोटं कळेनासं होऊन भास-भ्रम होणारा मनोविकार) आहे, ज्यांना बायपोलर आजार किंवा फेफरं आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. तुटक झोपेनं उन्मादाचा झटका किंवा फीट येऊ शकते.

प्रश्न: पहाटे पुन्हा झोपताना एकदा जाग आली, पण अंग हलेना. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं, दाराशी कुणीतरी उभं होतं. आई म्हणते, बाहेरचं काहीतरी असेल.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ही स्लीप पॅरालिसिस. स्वप्नाच्या झोपेत शरीराचे स्नायू सैल सोडलेले असतात, नाहीतर आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणात धावलो असतो. मेंदू आधी जागा होतो, स्नायू मागून. छातीचे स्नायू सैल असल्यानं दडपण जाणवतं, पण श्वासपटल काम करत असतं, श्वास बंद पडत नाही. दाराशी दिसलेला माणूस हा उरलेल्या स्वप्नाचा तुकडा.

हे काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत सुटतं. उठायची झटापट करू नका, भीती वाढते. श्वास सावकाश सोडा, पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. उताणं झोपणं टाळा, कुशीवर झोपा. आईंनाही हे सांगा, त्यांची काळजी खरी आहे. मात्र दिवसा अनावर झोप येत असेल, किंवा जोरात हसताना गुडघे लुळे पडत असतील, तर न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तो नार्कोलेप्सीचा आजार असू शकतो.

प्रश्न: गॅलँटामीनच्या गोळीनं अशी स्वप्नं पडतात असं ऐकलं. घेऊ का?

उत्तर: नाही. ते अल्झायमर्सचं औषध आहे. २०१८ च्या एका चाचणीत ८ मिलिग्रॅम मात्रेनं ४२ टक्के लोकांना असं स्वप्न पडलं आणि नुसत्या खोट्या गोळीनंही १४ टक्क्यांना पडलं. पण या औषधानं मळमळ होते, नाडी मंदावते. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी तर आणखी खाली येऊ शकते. एका स्वप्नासाठी हृदयाशी असा खेळ नको.