हृदयाचा व्हॉल्व्ह (झडप) बदलल्यावर शेजारचे सहाव्या दिवशी घरी गेले, माझे वडील नवव्या दिवशीही दवाखान्यातच. असं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा मायट्रल व्हॉल्व्ह बदलून आज नववा दिवस, मेकॅनिकल म्हणजे कृत्रिम धातूचा बसवलाय, ते चालतात, जेवतात, तरी डॉक्टर सोडत नाहीत. मी हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत बरीच वर्षं नर्स आहे. हाच प्रश्न नातेवाईक मला सतत विचारतात, आणि त्यामागची भीती एकच असते: आमच्यापासून काही लपवताय का?

तुमच्या वर्णनावरून मला पहिली शंका रक्त पातळ ठेवण्याच्या औषधाची येते. मेकॅनिकल व्हॉल्व्हवर गुठळी धरू नये म्हणून वॉर्फरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते. तिचा पूर्ण असर यायला पाच-सहा दिवस लागतात, आणि प्रत्येकाला डोस वेगळा लागतो. रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा तपासणीचा आकडा म्हणजे आयएनआर; मायट्रलला तो साधारण 2.5 ते 3.5 मध्ये हवा. तोवर रक्त पातळ ठेवणारी हेपरिनची इंजेक्शनं चालू असतात. कमी राहिला तर गुठळीची भीती, जास्त झाला तर रक्तस्रावाची. म्हणून धडधाकट दिसणारा माणूसही एका रक्ताच्या रिपोर्टसाठी अडकून पडतो. घरच्यांची सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते, आणि मला ती समजते. शेजारच्यांना टिश्यू (प्राण्याच्या ऊतीचा) व्हॉल्व्ह असेल, तर हे थांबणं त्यांच्या वाट्याला बहुधा आलंच नसेल. जांघेतून नळी घालून व्हॉल्व्ह बसवला असेल, तर दोन-तीन दिवसांतही सुट्टी मिळते. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनला, सगळं सुरळीत झालं तर, साधारण पाच ते सात दिवस धरतात.

दुसरं कारण ठोक्यांचं. व्हॉल्व्हच्या ऑपरेशननंतर तीनातल्या एकाला तरी ठोके अनियमित होतात, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. औषधाने ते आटोक्यात येतात, पण मुक्काम दोन-तीन दिवसांनी वाढतोच. काहींचे ठोके उलट फार मंद होतात, कारण व्हॉल्व्हच्या अगदी लगत हृदयाची वीज वाहणारे तंतू असतात. मग छातीतून बाहेर काढलेल्या बारीक तारा पेसमेकरच्या डब्याला जोडून आम्ही काही दिवस वाट पाहतो, स्वतःचे ठोके परततात का. नाही परतले तर कायमचा पेसमेकर बसवायचा.

बाकी बरंच काही ऑपरेशनआधीच ठरलेलं असतं. किडनी, फुप्फुसं, मधुमेह, हृदयाच्या पंपाची ताकद, आधी कधी छाती उघडली होती का, सोबत बायपास केली का. व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग झाला असेल, तर शिरेतून अँटिबायोटिक चार ते सहा आठवडेसुद्धा चालतं. माझ्या मते वयापेक्षा अंगातली ताकद महत्त्वाची. हात न टेकता खुर्चीतून उठणारे ऐंशीचे आजोबा, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्या साठीच्या माणसाआधी घरी जाताना मी पाहिलेत.

तुमच्या हातातली गोष्ट फुप्फुसांची आहे. छाती दुखते म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, ताप येतो आणि मुक्काम लांबतो. छातीशी उशी घट्ट धरून खोकायला लावा, स्पायरोमीटरने (गोळ्यांच्या छोट्या यंत्राने) खोल श्वास आत ओढण्याचा व्यायाम दर तासाला करून घ्या, दिवसातून चार-पाचदा चालवा. कंटाळले तरी लाडीगोडी लावून.

उद्या राउंडला डॉक्टरांना "कधी सोडणार" विचारण्याऐवजी विचारा, "आता नेमकं कशासाठी थांबलोय, आणि तो आकडा आज किती आहे?" उत्तर आयएनआरचं आलं, तर मुक्काम लांबल्याची भीती मनातून काढून टाका. पण थंडी वाजून ताप आला, जखमेतून पाणी आलं किंवा खोकताना छातीचं हाड कटकट हलल्यासारखं वाटलं, तर राउंडची वाट पाहू नका. त्याच क्षणी सिस्टरला हाक मारा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.