“तलवारी घेऊनच चाललीय की”

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं, वहीच्या पानांचे फोटोही बघितले. टॅरोचे ७८ पत्ते, पत्ता सुलटा आला तर त्याचा अर्थ निळ्या शाईत, उलटा आला तर लाल शाईत. तीन आठवड्यांत तू हे सगळं पाठ केलंस, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. पण पुढे तू लिहितेस की मैत्रिणीसमोर डाव मांडला की वहीतलेच शब्द तोंडून येतात आणि तिसऱ्या पत्त्याला गाडी अडते. पाठांतर कमी पडतंय का, असं विचारलंयस. कमी पडत नाहीये, आड येतंय. ती वही माळ्यावर टाक. फाडू नकोस, पण वर्षभर खाली काढू नकोस.

मी शिकले ती झेरॉक्सच्या कागदांवरून. प्रत्येक पत्त्यापुढे चार-पाच शब्द, तेवढंच माझं भांडवल. एकदा एका बाईंसाठी पत्ते मांडले. सासर सोडून त्यांना दोन महिने झाले होते, लेकीला घेऊन माहेरी राहत होत्या. मधोमध सिक्स ऑफ सोर्ड्स, म्हणजे सहा तलवारींचा पत्ता आला. मी धडाधड म्हणून टाकलं: प्रवास, स्थलांतर, त्रासातून सुटका, पुढे शांत काळ. बाई पत्त्याकडे बघत राहिल्या. मग नावेत बसलेल्या बाईवर बोट ठेवून म्हणाल्या, “पण ती तलवारी घेऊनच चाललीय की.”

चार वर्षं तो पत्ता माझ्या हातात खेळत होता आणि मला हे दिसलं नव्हतं. तुझ्या कॅटमधून तो आत्ता काढ आणि समोर ठेव. लांब काठीने नाव रेटणारा माणूस, अंगभर गुंडाळून घेतलेली बाई, तिला लागून मूल. तिघंही पाठमोरी. सहा तलवारी नावेच्या तळात उभ्या रोवलेल्या, आणि त्यासुद्धा त्या दोघांच्या पुढ्यात. म्हणजे पलीकडचा किनारा तिला दिसणार तो पात्यांच्या फटींतून. नावेच्या उजव्या अंगाला पाण्यावर तरंग काढलेत, डाव्या अंगाला पाणी सपाट आहे. ‘सुटका’ हा शब्द खोटा नाही. पण त्या बाईंना तो माझ्याकडून नकोच होता. त्यांना ती नाव हवी होती. त्या अर्धा तास बोलल्या, आपल्या सहा तलवारी कोणत्या ते सांगत राहिल्या, आणि मी गप्प बसून ऐकलं. माझं पहिलं खरं रीडिंग, म्हणजे पत्त्यांचं वाचन, मी ते समजते.

आता तुझ्या हातातल्या पत्त्यांविषयी थोडं सांगते, कारण ही चित्रं कुणी आणि कशी काढली हे कळलं की बघायचं कसं तेही कळतं. टॅरो पंधराव्या शतकात इटलीत खेळायचे पत्ते म्हणून आले. भविष्य वगैरे पुष्कळ नंतरचं. जुन्या बहुतेक कॅटांत फाइव्ह ऑफ कप्स म्हणजे नुसते पाच पेले असत, आपल्या बदाम पंजीवर पाच बदाम असतात तसे. तिथे बघण्यासारखं फार नव्हतं, अर्थ पाठच करावा लागे. तुझ्याकडे आहे तो कॅट १९०९ च्या डिसेंबरात लंडनला रायडर या प्रकाशनाने काढला. गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना, आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ हिची. तिने छप्पन्न मायनर पत्त्यांपैकी (म्हणजे पेले, तलवारी, काठ्या, नाणी या चार रंगांच्या पत्त्यांपैकी) एक्के सोडून बाकी सगळ्यांवर प्रसंग काढले. माणसं, घरं, पाणी, डोंगर. एकच पत्ता असा आहे की त्यावर ना माणूस ना जागा, फक्त पाऊस, ढग आणि तीन तलवारींनी भोसकलेलं हृदय. त्याचं मूळ पंधराव्या शतकातल्या सोला-बुस्का नावाच्या एका इटालियन कॅटमध्ये सापडतं. त्या पत्त्यांचे फोटो १९०७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये होते, आणि दोन्ही हृदयं शेजारी ठेवलीस तर पामेला ते फोटो बघून आली होती यात तुलाही शंका उरणार नाही. तीही बघूनच शिकली.

पामेला लंडनच्या लायसियम थिएटरच्या मंडळींबरोबर फिरलेली, नाटकाच्या वातावरणात वाढलेली मुलगी. १९०८ मध्ये एका अमेरिकन मासिकात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी तिने एक लेख लिहिला. त्यात ती सांगते की नाटकं बघा. आनंद, भीती, दुःख यांत सगळं शरीर कसं उभं राहतं ते आधी बघा, चेहऱ्याचं नंतर पाहता येईल. हे वाचलं त्या रात्री मी सगळा कॅट जमिनीवर पसरला आणि ज्यांचा चेहरा नीट दिसत नाही ते पत्ते वेगळे काढले. तूही काढ. नाइन ऑफ सोर्ड्समध्ये अंथरुणात उठून बसलेली व्यक्ती तोंड ओंजळीत लपवते. टेन ऑफ वाँड्समधल्या माणसाचं डोकं त्या दहा काठ्यांतच खुपसलेलं आहे, त्याला समोरचं गावसुद्धा दिसत नसणार. थ्री ऑफ वाँड्सचा माणूस पाठ करून उभा. टू आणि एट ऑफ सोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी. दुःखाचे, ओझ्याचे, वाट पाहण्याचे पत्ते, आणि चेहरा नाही. सगळं खांद्यांत, पाठीत, मानेत. वहीत ‘निराशा’ लिहून ठेवलीस की ती पाठ तुझ्या नजरेआड जाते, म्हणून मी वहीवर एवढी रागावलेय.

रोज एक पत्ता घे. दहा मिनिटं घड्याळ लावून फक्त जे दिसतं ते लिही. विशेषण लिहायचं नाही, हा नियम कडक पाळ. ‘दुःखी माणूस’ लिहिलंस तर खोड. लिही: काळा झगा, मान खाली, समोर तीन पेले आडवे, मागे दोन उभे, नदी, पूल, पलीकडे गढी. (हा फाइव्ह ऑफ कप्स, ओळखलाच असशील.) मग पेन्सिल घेऊन त्याच पत्त्याची नक्कल कर. चित्रकला येत नाही म्हणून टाळू नकोस. चित्र चांगलं येण्यासाठी हे करायचंच नाहीये. हात अडखळला की कळतं, इथे आपण बघितलंच नव्हतं. तो पूल मी पहिल्यांदा पाहिला तो नक्कल करताना, कारण कागदाच्या उजव्या बाजूला जागा रिकामी राहिली आणि तिथे काय होतं ते आठवेना.

आणि पत्त्यातल्या माणसासारखी बसून बघ. टू ऑफ सोर्ड्ससाठी घरातल्या दोन लांब छत्र्या घे. डोळ्यांवर ओढणी बांध, हात छातीवर एकमेकांवर आडवे ठेवून दोन्ही छत्र्या खांद्यांवरून वर रोखून धर. पहिल्या मिनिटाला फार शांत वाटतं. मग खांदे भरून येतात. माझ्या कागदावर या पत्त्यापुढे ‘समतोल’ लिहिलं होतं. तो समतोल किती वेळ टिकतो, हे मला दुखणाऱ्या हातांनी सांगितलं. हल्ली हा पत्ता कुणाला आला की मी पहिला प्रश्न विचारते, “असं किती दिवस धरून बसलायत?” बहुतेकांचे डोळे लगेच भरून येतात.

रंगांवर मात्र लगेच इमले बांधू नकोस. पामेलाची मूळ चित्रं हरवली आहेत, आपल्यापर्यंत आले ते छापील पत्ते, आणि प्रत्येक आवृत्तीत छटा बदलतात. तुझ्या कॅटमधला जांभळा माझ्याकडे करडा आहे. रेषेवर विश्वास ठेव, ती तिची आहे.

डेथचा पत्ता आला की समोरचा दचकतो. तू घाईघाईने “नाही नाही, याचा अर्थ फक्त बदल” असं म्हणतेस, ते बंद कर. तुझी घाई त्यांना कळते आणि भीती वाढते. पत्ता त्यांच्या हातात दे. घोड्यापुढे चौघं आहेत. राजा आडवा पडलाय. धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुणी गुडघ्यांवर आहे, तिने तोंड फिरवलंय. आणि तिच्याजवळचं लहान मूल सरळ घोड्याकडे बघतंय. विचार, “यात तुम्ही कोण?” आणि थांब. मग त्यांना मागचे दोन बुरूज आणि त्यांच्यामधला सूर्य दाखव. तसेच दोन बुरूज द मून या पत्त्यातही आहेत, तो शेजारी ठेवून बघ. मी यावर अजून काही लिहीत नाही, तू आधी महिनाभर दोन्ही बघ.

पत्ते शेजारीशेजारी आले की कोण कुठे बघतंय तेवढं बघायचं. फाइव्ह ऑफ कप्सच्या माणसाची मान तुझ्या डावीकडे झुकलेली आहे. तुझ्या डावीकडे येणारा पत्ता त्याच्या नजरेत, तुझ्या उजवीकडे येणारा त्याच्या पाठीमागे. हे कुठल्याच वहीत मावणार नाही, कारण ते प्रत्येक डावात नव्याने घडतं.

पुढे काय होणार हे पत्ते सांगतात असं मी मानत नाही, आणि तूही कुणाला तसं सांगू नकोस. आजाराबद्दल विचारलं तर पत्ते मिटव आणि डॉक्टरांकडे जायला सांग. कोर्टकचेरीचं असेल तर वकील. यात मी कधीच सूट देणार नाही. पत्त्यांमुळे समोरच्याला आपली नाव, आपल्या तलवारी दिसायला मदत होते, आणि ते काम पुष्कळ मोठं आहे.

एक गोष्ट मला राहून राहून लागते. या कामाबद्दल पामेलाने १९०९ मध्येच एका ओळखीच्यांना लिहिलं होतं की मोठं काम संपवलं, पैसे फार थोडे मिळाले. १९५१ मध्ये ती कॉर्नवॉलमध्ये वारली तेव्हा अंगावर कर्ज होतं. कॅट ‘रायडर-वेट’ या नावाने जगभर खपत राहिला, तिचं नाव कित्येक वर्षं त्यात नव्हतं. पण तिने चित्रांच्या कोपऱ्यांत सापासारखी वळणदार सही करून ठेवलीय. कुठे गवतात, कुठे दगडात. नवा पत्ता बघायला घेतलास की आधी ती सही शोध. शोधताना नजर सगळं चित्र फिरून येते. आणि तिचं नाव घे. एवढं आपण तिचं देणं लागतो.

रविवारी येशील तेव्हा कॅट आण, पेन्सिल आण. येण्याआधी एट ऑफ सोर्ड्सची नक्कल करून ठेव. डोळ्यांवर पट्टी, हात बांधलेले, भोवती तलवारी, एवढं तुला पाठ आहेच. पाय कसे काढलेस ते मला बघायचंय.

तुझी,
मावशी