बायबलमधल्या 'हेसेद' या हिब्रू शब्दाला इंग्रजीत कधी 'मर्सी', कधी 'काइंडनेस', कधी 'लव्हिंगकाइंडनेस' असं का म्हणतात?

कारण हेसेदमध्ये माया आणि निष्ठा दोन्ही एकत्र आहेत, आणि दोन्ही पेलणारा एक शब्द इंग्रजीत नाही. 'मर्सी' आली ग्रीक-लॅटिन भाषांतरांच्या वाटेने, पण दया वरचा खालच्यावर करतो. रूथच्या पुस्तकात नामी आपल्या विधवा सुनांना म्हणते, तुम्ही माझ्याशी आणि जे गेले त्यांच्याशी हेसेदने वागलात, तसंच देव तुमच्याशी वागो. इथे दया कसली? नातं निभावणं आहे ते! 'लव्हिंगकाइंडनेस' हा जोडशब्द भाषांतरकार माइल्स कव्हरडेलने १५३५च्या इंग्रजी बायबलमध्ये वापरला. १९५२च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड या इंग्रजी आवृत्तीने बऱ्याच ठिकाणी 'स्टेडफास्ट लव्ह' (अढळ प्रेम) केलं. मला हेच जास्त पटतं, त्यात टिकून राहणं आहे. स्तोत्र १३६च्या सव्वीसही ओव्यांत जे सनातन म्हटलंय ते हेच (रूढ मराठी बायबलात तिथे 'दया'च आहे). मात्र एकच प्रतिशब्द सगळीकडे चिकटवू नका: बायबलच्याच लेवीय या पुस्तकात (२०:१७) तीच अक्षरं चक्क 'लाजिरवाणी गोष्ट' या अर्थाने येतात.