लेन्को एल 75चा टोनआर्म: वायर बदलायच्या आधी काय बघावं

भाऊ, चांदीच्या वायरची ऑर्डर अजून दिली नसेल तर थांबा. काकांचा लेन्को एल 75 हा जुना रेकॉर्ड प्लेयर तुम्ही घरी आणला, त्यावर ऑर्टोफॉन टू-एम रेड ही कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) बसवली, आणि आता गाण्यातले 'स' आणि 'श' फसफसून राहिले, रेकॉर्ड संपता संपता आवाज फाटतो. म्हणून टोनआर्मची, म्हणजे कार्ट्रिज धरणाऱ्या दांडीची, वायर बदलायची आणि नागपूरजवळ हिंगण्याला लेथवर पितळेचं जड काउंटरवेट (आर्मच्या मागच्या टोकाचं तोलाचं वजन) कातून घ्यायचं, असा तुमचा बेत. पण ही लक्षणं वायरची नाहीत. वायर खराब असली की गुणगुण येते, खरखर येते, नाही तर एक बाजू गप्प होते. 'स' फाटायचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

या आर्मची दुखरी जागा म्हणजे व्ही-ब्लॉक. आर्म वर-खाली होतो तो दोन पोलादी धारांवर, आणि त्या धारा टेकतात व्ही आकाराच्या दोन छोट्या ठोकळ्यांवर. मूळ ठोकळे मऊ मालाचे होते. वर्षं गेली की ते कडक होतात, धारेखाली चिरतात, शेवटी हात लावला तर भुगा हाती येतो. डेक काकांकडे माळ्यावर पडून होता म्हणता, म्हणजे नागपूरचे कितीतरी मे महिने त्याने तिथेच काढले असणार. ते ठोकळे शाबूत असतील यावर मी तरी पैज लावणार नाही.

तपासायला काही विकत आणायची गरज नाही. अँटीस्केटचा दोरा (आर्मला आत ओढलं जाण्यापासून रोखणारा) काढून ठेवा आणि आर्म असा तोला की सुई हवेत तरंगली पाहिजे. आता झेरॉक्सचा साधा 80 जीएसएम कागद घ्या. त्याचा एक चौरस सेंटिमीटर भरतो 8 मिलिग्रॅम, म्हणजे 2 बाय 2 सेंटिमीटरचा तुकडा 32 मिलिग्रॅमचा. तो हेडशेलवर, म्हणजे कार्ट्रिज बसते त्या पुढच्या टोकावर, अलगद ठेवा. आर्म हळूच झुकला तर वरखालीचं घर्षण ठीक आहे. ढिम्म राहिला, किंवा आधी अडकून मग झटक्यात खाली गेला, तर ठोकळे गेले समजा. आडव्या हालचालीसाठी त्याच तरंगत्या आर्मवर बाजूने हलकी फुंकर मारा. तो कुठेही न अडखळता सरकायला हवा.

हिंगण्याला जायचंच असेल तर या ठोकळ्यांसाठी जा. मापं जुन्या ठोकळ्यांवरूनच घ्या, भुगा व्हायच्या आत. पितळेचे, ब्राँझचे, डेलरिन या कडक प्लास्टिकचे असे तयारही मिळतात. मी डेलरिन लावीन. पितळेने आवाज जरा उजळतो हे खरं, पण चाकाने फिरणाऱ्या या डेकची घरघरही सोबत वर येते.

मागची दांडी बाजूने, डोळ्याच्या रेषेत धरून बघा. काउंटरवेट आणि आर्म यांच्यामध्ये रबर आहे. ते सैल पडलं की शेपूट खाली लोंबतं. काही जण तिथे एपॉक्सी भरून मोकळे होतात. मला ते पटत नाही, रबर तिथे हेतूने ठेवलंय. नवं रबर बसवा.

एवढं झालं की ट्रॅकिंग फोर्स, म्हणजे सुईचा रेकॉर्डवरचा दाब. टू-एम रेडला 1.8 ग्रॅम. आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका, 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या; तो नसेल तर इतवारीच्या सराफा ओळीत विचारा. मोजताना सुई रेकॉर्डच्याच उंचीवर हवी, नाहीतर आकडा चुकतो.

आता शेवटी शेवटी आवाज का फाटतो ते बघू. 33⅓च्या वेगात रेकॉर्डच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम 21. निम्म्याहून कमी जागेत तेवढंच संगीत कोंबलेलं. आणि आपल्या शास्त्रीय रेकॉर्ड लावून बघा: कडेला निवांत आलाप, आणि आत, सगळ्यात अडचणीच्या जागी, द्रुत तानांचा नाहीतर सतारीच्या झाल्याचा धडाका. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला जी चूक चालून जाते ती इथे लगेच कानाला लागते. म्हणून कार्ट्रिजची मांडणी करताना मी स्टीव्हन्सनची पद्धत सुचवीन. तिच्यात आतला शून्य-बिंदू, म्हणजे कार्ट्रिज खाचेशी अगदी सरळ रेषेत येते ती जागा, रेकॉर्डच्या केंद्रापासून 60.3 मिलिमीटरवर येतो, बेअरवाल्डच्या पद्धतीत 66 वर. मधल्या पट्ट्यात स्टीव्हन्सन थोडी जास्त चुकते, पण द्रुत स्वच्छ ऐकू येते. कागदी प्रोट्रॅक्टर (मांडणी जुळवायचा छापील तक्ता) छापताना स्केल 100 टक्के आहे की नाही ते पट्टीने मोजा. आणि रेषा जुळवायची ती सुईच्या दांडीची. कार्ट्रिजच्या खोक्याची कडा सरळ दिसली म्हणून समाधान मानू नका.

आर्मच्या मागच्या टोकाच्या उंचीचा लोक फार बाऊ करतात. साधारण 230 मिलिमीटर लांबीच्या आर्मचं मागचं टोक 4 मिलिमीटर हललं तेव्हा कुठे कोन एका अंशाने बदलतो. रेकॉर्डवर आर्म समांतर दिसला की पुढे चला.

तुमच्या पितळी वजनाकडे येतो. कल्पना वाईट नाही. वजन दुप्पट केलं की ते पिव्हटपासून (आर्म जिथे टेकून हलतो तिथून) निम्म्या अंतरावर येतं, आणि त्याचं जडत्व निम्मं होतं. पण आधी आर्म आणि कार्ट्रिजचं जमतं का ते बघा. दोघं मिळून कोणत्या कंपनाला थरथरतात त्याचं सूत्र असं: आर्म, कार्ट्रिज आणि स्क्रूंचं एकूण वस्तुमान ग्रॅममध्ये, गुणिले कंप्लायन्स (सुईची दांडी किती लवचिक आहे तो आकडा), त्याचं वर्गमूळ, आणि 159ला त्याने भागायचं. उत्तर 8 ते 12 हर्ट्झमध्ये हवं. टू-एम रेडचं वजन 7.2 ग्रॅम, कंप्लायन्स 20. आर्म 12 ग्रॅमचा धरला आणि स्क्रू 0.8चे, तर बेरीज 20 आणि उत्तर 8 हर्ट्झच्या काठावर. आर्म 18चा निघाला तर थेट 7. त्यामुळे हेडशेलवर नाणी चिकटवणं, नळीवर हीटश्रिंक (तापवलं की आवळणारं प्लास्टिक) चढवणं हे उद्योग या कार्ट्रिजसोबत करू नका. जड आर्म तसाच ठेवायचा असेल तर डेनॉन डीएल-103सारखी ताठ कार्ट्रिज त्याला शोभते, फक्त तिला एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिजसाठीचा फोनो प्रीअँप लागतो.

एक नागपुरी भानगड राहिलीच. तुमच्या फोटोत डेक खिडकीतल्या कुलरला लागून दिसतो. कुलरचा पंखा मिनिटाला 1000 फेऱ्या मारत असेल तर ते झाले 16-17 हर्ट्झ, आर्मच्या दुखऱ्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. डेक दुसऱ्या भिंतीला न्या, जमलं तर भिंतीत ठोकलेल्या फळीवर.

हे सगळं झाल्यावरही वायर बदलायची हौस असेल तर बदला. पांढरी डावी, निळी डाव्याची ग्राउंड, लाल उजवी, हिरवी उजव्याची ग्राउंड. पिव्हटजवळची वायर केसासारखी लवचिक हवी. चांदीची म्हणून जाड, ताठ वायर घातली तर आर्मला ती स्प्रिंगसारखी ओढेल आणि कागदाच्या चाचणीत कमावलेलं सगळं जाईल. प्रीअँपपर्यंतची केबल आखूड ठेवा, कारण टू-एम रेडला केबल आणि प्रीअँप मिळून 150 ते 300 पिकोफॅरड एवढीच कपॅसिटन्स मानवते. क्लिपांना सोल्डर करायचं ते कार्ट्रिजपासून लांब, टेबलावर. पिनांवर बसलेल्या क्लिपला गरम सोल्डरिंग आयर्न लावलं की आतली कॉइल सुटते, आणि मग नवी कार्ट्रिजच घ्यावी लागते.